तारखेलाही वारस लागतो

१२ जुलैचा दिनविशेष काढून बघा. सकाळी सहाच्या आत कुणी ना कुणी तो फोनवर पाठवलेला असतोच. थोरो आणि पाब्लो नेरुदा यांचा जन्म या दिवशीचा, आपल्या बिमल रॉय यांचाही, आणि अलीकडच्या मलाला युसुफझाईचाही. १९८२ साली याच दिवशी नाबार्ड सुरू झाली. दारासिंग गेले २०१२च्या १२ जुलैला, आणि बरोबर वर्षानं त्याच तारखेला प्राण. यादी महाराष्ट्रात तयार झाली असेल तर १६६० सालची पन्हाळ्याच्या वेढ्यातून महाराज निसटले ती रात्रही असते. आणि या गर्दीत नाबार्डच्या जरा वर एक ओळ सापडते: १९६१, पानशेत धरण फुटून पुण्यात महापूर.

यादी करणाऱ्याला मी दोष देत नाही. सालवार लावायचं, एकाला एक ओळ द्यायची, हा त्या प्रकाराचा नियमच आहे. पण पुण्यात बसून ही यादी वाचणाऱ्याची नजर त्या ओळीवरून प्राणच्या ओळीवर तितक्याच सहज सरकते, आणि त्यात कुणाला काही खटकत नाही, हे मला खटकतं. १२ जुलै हा पुण्याचा दिवस आहे आणि शहरानं तो अधिकृतपणे स्वतःच्या नावावर करून घ्यावा, असं माझं म्हणणं आहे. हार घालण्यासाठी नव्हे. दरवर्षी नदीचा आणि धरणांचा हिशेब चारचौघांत मांडण्यासाठी.

आधी त्या ओळीत काय मावलं नाही ते पाहू. पानशेतचं धरण मातीचं, आंबी नदीवरचं. १९६१च्या पावसाळ्यात ते पुरतं बांधून झालेलं नव्हतं. पाणी बाहेर सोडण्याच्या विमोचकाचं काम अर्धवट होतं, तरी मागे पाणी चढत गेलं. पाऊस थांबेना. विमोचकाच्या वरची माती खचायला लागली आणि बांधाचा माथा खाली बसू लागला. लष्कराच्या जवानांनी अंधारात, पावसात वाळूची पोती रचली. धरण त्यामुळे वाचलं नाही, पण फुटायचं ते रात्री न फुटता सकाळी फुटलं. बुधवार होता. माणसं जागी होती, हातीपायी धड होती, पोरांना कडेवर घेऊन चढाकडे पळू शकत होती. पुण्याच्या इतिहासात त्या पोत्यांइतकं मोलाचं बांधकाम फार थोडं झालं असेल.

पानशेतच्या खाली खडकवासला. ते दगडी धरण एकोणिसाव्या शतकातलं, इंग्रजांच्या काळचं. वरून आलेला लोंढा त्याला पेलला नाही आणि काही तासांत तेही फुटलं. मुठेचं पाणी नारायण पेठेत, शनिवारात, कसब्यात, डेक्कनच्या सखल भागात शिरलं. मातीच्या भिंतींचे वाडे पाण्यात उभे राहिले आणि मग बसले. पूर ओसरल्यावर दुसरं संकट आलं. खडकवासलाच गेल्यामुळे नळ कोरडे पडले आणि ज्या शहरातून काल नदी वाहिली, तिथली माणसं जुन्या विहिरी आणि हौद शोधत फिरू लागली. किती माणसं गेली याचा आकडा आजही सांगणाऱ्यागणिक बदलतो. चौकशी आयोग नेमला गेला. पुरात घर गेलेल्यांसाठी सहकारनगर, गोखलेनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. आजच्या पुण्याचा नकाशा जसा आहे, त्याला ती एक सकाळ बऱ्याच अंशी कारण आहे. सदाशिव-नारायणातल्या किती घरांची पर्वतीपलीकडची शाखा ‘पुरानंतर इकडे आलो’ या वाक्यानं सुरू होते, ते विचारून पाहा.

एवढं सगळं असून हा दिवस शहराच्या अंगवळणी का पडला नाही? दरवर्षी वर्तमानपत्रांत आठवणी येतात, जुने कृष्णधवल फोटो येतात, पाणी पाहिलेली पिढी दरवर्षी थोडी आणखी कमी झालेली असते. संपलं.

याचं कारण मला असं दिसतं की आपल्याकडे तारीख टिकते ती तिच्यामागे उभं राहणाऱ्या माणसांमुळे. जयंतीला वारस असतात. मंडळ असतं, वर्गणी असते, पक्ष असतो, पुतळा असतो, चौक असतो, फ्लेक्सवर कोपऱ्यात शुभेच्छुकांचे चेहरे असतात. सरकारसुद्धा दरवर्षी परिपत्रक काढून कार्यालयांना सांगतं की अमुक अमुक थोर पुरुषांच्या जयंत्या साजऱ्या करा. मग प्रतिमा बाहेर येते, हार येतो, उपस्थितांचा फोटो निघतो. या सगळ्यात वाईट काही नाही. पण या व्यवस्थेत शिरायचं तर आधी तुमचं एक नाव लागतं आणि त्या नावावर हक्क सांगणारा एक समाज लागतो. पानशेतच्या पुरात मेलेल्यांचं असं एकच नाव नाही. ब्राह्मणांचे वाडे बुडाले, कष्टकऱ्यांच्या झोपड्या वाहून गेल्या, दुकानं गेली. पाण्यानं कुणाला निवडलं नाही, म्हणून कुणी त्या दिवसाला आपला म्हटलं नाही.

याच्या उलट उदाहरण पुण्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे. १ जानेवारी १८१८ची कोरेगावची लढाई अनेक यादीकर्त्यांनी वर्षानुवर्षं दुसऱ्या बाजीरावाच्या पडत्या काळातली एक ओळ म्हणून छापली असती आणि विषय संपला असता. १९२७च्या १ जानेवारीला डॉ. आंबेडकर तिथल्या विजयस्तंभापाशी गेले. आज त्या दिवशी तिथं लाखोंनी लोक जातात. २०१८ साली तिथं दंगल झाली, त्यावरून कज्जे चालले, तरी जाणारे जातातच. इतिहासकार त्या लढाईत कोण जिंकलं यावर वाद घालोत. तारीख कोणाची हा प्रश्न लोकांनी पायी चालत जाऊन सोडवला आहे.

१ ऑगस्टचंही तसंच. १९२० सालच्या त्या तारखेला मुंबईत लोकमान्य गेले आणि त्याच दिवशी वाटेगावात अण्णा भाऊ साठे जन्मले. दिनविशेषात एक ‘मृत्यू’ या सदरात, दुसरे ‘जन्म’ या सदरात, मधे पाच-पंचवीस नावं. पुण्यात मात्र एक गर्दी मंडईतल्या टिळकांच्या पुतळ्याकडे जाते आणि एक सारसबागेजवळच्या अण्णा भाऊंच्या पुतळ्याकडे. सकाळी कुठली बस कुठून वळवली आहे हे कळलं नाही तर पुणेकराला दोन्ही इतिहास एकदमच कळतात. माझ्या मते शहरानं तारीख जगावी ती अशी. योगायोग आहे खरा, पण दोन्ही बाजूंची माणसं रस्त्यावर आहेत.

जन्म, मृत्यू, घटना हे तीन कप्पे मला आणखी एका कारणानं अपुरे वाटतात. ते एकात एक गुंतलेल्या गोष्टी सोडवून वेगवेगळ्या पानांवर ठेवतात. १० मार्चला सावित्रीबाई फुले यांचा स्मृतिदिन. २२ जूनला चापेकर बंधूंनी गणेशखिंडीत रँडवर गोळ्या झाडल्या. सप्टेंबरात कधीतरी टिळकांना राजद्रोहाच्या पहिल्या खटल्यात दीड वर्षाची शिक्षा. तिन्ही गोष्टी १८९७च्या. तिन्हींच्या मुळाशी पुण्यातला प्लेग. सावित्रीबाई प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना, मुंढव्याच्या एका आजारी पोराला पाठीवरून दवाखान्यात आणल्यानंतर, स्वतः त्याच रोगानं गेल्या. रँड हा प्लेग कमिटीचा प्रमुख. त्याचे सोजीर घराघरांत शिरून झडत्या घेत होते. टिळकांवरचा खटला त्याच संतापाच्या वातावरणातला. पण दिनविशेषात प्लेग नावाची नोंद शोधा. मिळणार नाही, कारण प्लेगला वाढदिवस नसतो. तो १८९६च्या पावसाळ्यानंतर हळूहळू आला, ओसरला, पुन्हा आला, वर्षानुवर्षं येत राहिला. मग काय होतं, तर मार्चमध्ये आपण सेवेला नमस्कार करतो, जूनमध्ये शौर्याला, आणि त्या वर्षी शहरात सरकार, डॉक्टर, शिपाई आणि रोगी यांच्यात नेमकं काय घडलं हा प्रश्न दोन्ही महिन्यांच्या मधल्या फटीत पडून राहतो. २०२०च्या मार्चमध्ये पुण्यात महाराष्ट्रातले पहिले कोविड रुग्ण सापडले आणि सरकारनं जो साथरोगांचा कायदा बाहेर काढला तो १८९७चाच होता. तेव्हा तरी कुणाला या दोन तारखा एका धाग्यात ओवाव्याशा वाटल्या का? फार थोड्यांना.

याउलट ज्या बाबतीत आपली बुद्धी पणाला लागते ती गोष्ट म्हणजे तारीख नेमकी कोणती. शिवजयंती फाल्गुन वद्य तृतीयेला की १९ फेब्रुवारीला, यावर पुण्यात मित्रांनी एकमेकांशी बोलणं टाकलेलं मी पाहिलंय. त्याआधीच्या पिढीचा वाद १६२७ की १६३० असा होता. जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची सालवार नोंद, पुढं आली आणि पारडं १६३०कडे झुकलं. तो वाद पुराव्याचा होता, म्हणून मोलाचा होता. तिथी-तारखेच्या वादाला मात्र एक मजेशीर कोपरा आहे. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख जुन्या ज्युलियन कालगणनेतली आहे. आज भिंतीवर जे कॅलेंडर टांगलेलं असतं त्याच्या हिशेबानं तो दिवस १ मार्च येतो. सतराव्या शतकात दोन गणनांत दहा दिवसांचा फरक होता, अठराव्यात अकरा. इंग्रजांनी आपलं कॅलेंडर १७५२ साली सुधारलं, त्याच्या आधीच्या आपल्या बहुतेक मराठी तारखा जुन्या हिशेबातच छापल्या जातात. खात्री करायची असेल तर शनिवारवाड्याकडे जा. पायाभरणी शनिवारी झाली, १० जानेवारी १७३० रोजी. फोनमधल्या कॅलेंडरमध्ये मागं मागं जाऊन हा दिवस काढा, तिथं मंगळवार दिसेल. वास्तुशांतीच्या २२ जानेवारी १७३२लाही तीच गत. वाडा खोटा नाही, वारही खोटा नाही, तारीख दुसऱ्या गणनेतली आहे.

म्हणजे १६६०ची १२ जुलै आणि १९६१ची १२ जुलै हे ‘एकच दिवस’ नाहीतच. सूर्याच्या हिशेबानं त्यांच्यात दहा दिवसांचं अंतर आहे. ज्यांच्या शिस्तीनं आपण इतिहासाला पुरावे मागायला शिकलो, ज्यांनी १९१० साली याच शहरात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं केलं, त्या राजवाड्यांची जन्मतारीखसुद्धा कुठं २४ जून तर कुठं १२ जुलै छापलेली दिसते. ते असते तर यादी करणाऱ्याला त्यांनी जो अहेर दिला असता तो ऐकायला मी पैसे मोजले असते.

हे सगळं सांगण्याचा हेतू तारखा रद्दबातल ठरवण्याचा नाही. तारीख ही माणसांनी ठरवलेली सोय आहे, एवढं मान्य केलं की मग प्रश्न बदलतो: ही सोय आपण कशासाठी वापरतोय? नव्या पेठेतल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेची मुलं रात्री दोनपर्यंत दिनविशेष पाठ करतात, कारण प्रश्न येऊ शकतो. त्यांना पानशेतचं साल विचारा, झोपेत सांगतील. विमोचक म्हणजे काय विचारलं तर परीक्षेच्या बाहेरचं झालं.

माझ्या या म्हणण्यावर दोन आक्षेप मी ऐकले आहेत. पहिला असा की दिनविशेष ही सकाळची दोन मिनिटांची गंमत आहे, तिच्यावर एवढं ओझं कशाला टाकता. बरोबर आहे, गंमत म्हणून ती राहू दे. नेरुदा आणि दारासिंग एका पानावर भेटतात यात मलाही मौज वाटते. पण शाळेच्या फळ्यावर, महापालिकेच्या कार्यक्रमपत्रिकेत, मंत्रालयाच्या परिपत्रकात तीच यादी उतरते, तेव्हा ती गंमत राहत नाही. तिथं कुणाची आठवण सार्वजनिक खर्चानं काढायची याचा तो निर्णय असतो.

दुसरा आक्षेप जास्त मनापासूनचा आहे: जखम कशाला उकरायची? ज्यांनी माणसं गमावली त्यांना दरवर्षी तेच का दाखवायचं? याला माझं उत्तर थोडं कोरडं आहे. शोक घरचा असतो आणि तो घरच्यांनी कसा करायचा तो करावा. शहराकडे मी शोक मागत नाहीये. जे पाणी १९६१ साली आलं ते ज्या नदीतून आलं ती नदी तिथंच आहे, तिच्या डोक्यावर आता दोनांऐवजी चार धरणं आहेत. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर मिळून साधारण २९ टीएमसी (अब्ज घनफूट) साठा. यातला जेमतेम दोन टीएमसी खडकवासल्यात मावतो, उरलेला सगळा त्याच्या वर. खडकवासला भरलं की वरून येणारं पाणी खाली सोडण्यावाचून इलाज नसतो. ही साधी गोष्ट नदीकाठच्या किती सोसायट्यांच्या सूचनाफलकावर लिहिलेली आहे?

२५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबील ओढा फुगला आणि कात्रजपासून सहकारनगर, अरण्येश्वर, दांडेकर पुलापर्यंत घरं, गाड्या, गोठ्यातली जनावरं आणि माणसं गेली. पानशेतच्या पूरग्रस्तांना ज्या बाजूला वसवलं, त्याच बाजूला. तो धरणाचा पूर नव्हता, ओढ्याचा होता. ओढ्याला जागा उरली नव्हती. मग २५ जुलै २०२४. पहाटे सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोक उठले ते पाण्यात. खडकवासल्यातून त्या दिवशी ३५ हजार क्युसेकच्या, म्हणजे सेकंदाला तितक्या घनफूट पाण्याच्या, आसपास विसर्ग गेला. पुलाची वाडीत विजेचा धक्का बसून तीन तरुण गेले. लष्कराला पुन्हा यावं लागलं. रहिवाशांची तक्रार एकच होती, आम्हाला वेळेवर कुणी सांगितलं नाही. प्रशासनाचं म्हणणं वेगळं होतं. खरं काय ते चार दिवस टीव्हीवर चाललं आणि मग गणपती आले.

आता तारखांकडे बघा. १२ जुलै आणि २५ जुलै यांच्यात तेरा दिवसांचं अंतर. जुलैच्या मध्याला आपली धरणं साधारण भरू लागलेली असतात, भरलेली नसतात. पाऊस लागलेला असतो, पूर आलेला नसतो. नदीविषयी बोलायला याहून सोयीचा दिवस पंचांग शोधूनही सापडणार नाही. म्हणून म्हणतो, या दिवशी पाटबंधारे खातं, महापालिका आणि जिल्हा प्रशासनानं एका व्यासपीठावर बसावं. किती क्युसेकला भिडे पूल बुडतो हे पुणेकराला पाठ आहे, कारण तिथं जाऊन फोटो काढायचे असतात. किती क्युसेकला कुठल्या सोसायटीच्या तळमजल्यात पाणी शिरतं, तेही तितकंच पाठ व्हायला हवं. पुराचं पाणी कुठवर चढू शकतं ते दाखवणाऱ्या निळी पूररेषा, लाल पूररेषा नकाशात आहेत. त्या रस्त्यावर, विजेच्या खांबांवर, शाळांच्या भिंतींवर रंगवाव्यात. पानशेतचं पाणी जिथवर चढलं होतं त्याच्या खुणा जुन्या भिंतींवर होत्या, वाडे पाडून इमारती झाल्या तशा त्या गेल्या. पुनर्विकासाला परवानगी देताना ती खूण नव्या भिंतीवर परत काढण्याची अट घालायला खर्च किती येतो? रंगाच्या एका डब्याचा. नदीकाठ सुधाराची जी कामं चालू आहेत त्यांनी पात्राची रुंदी कुठं किती बदलली, याचाही हिशेब त्याच दिवशी, त्याच व्यासपीठावर. कुणी म्हणेल ही बैठक कार्यालयातही होते. होत असेल. पण बंद दाराआडच्या बैठकीत एकतानगरीची बाई उठून प्रश्न विचारू शकत नाही.

शाळांनी त्या दिवशी फळ्यावर नेरुदा जरूर लिहावा. खाली आपल्या शाळेची उंची नदीपात्रापासून किती आणि पाणी आलं तर कुठल्या जिन्यानं कुठं जायचं, हेही लिहावं. सातवीच्या मुलांना हे मोजायला लावलं तर भूगोलाचा एक तास सत्कारणी लागेल.

वारस नसलेल्या या तारखेला महापालिकेनं दत्तक घ्यायचं ठरवलं तर ठराव दोन ओळींचा पुरेल. पहिल्या वर्षीच्या सभेसाठी पहिला प्रश्न मी सुचवतो. २०२४च्या २५ जुलैला विसर्ग वाढवण्याचा निर्णय किती वाजता झाला आणि एकतानगरीतल्या पहिल्या घरात त्याची सूचना किती वाजता पोचली? दोन्ही वेळा एका कागदावर लिहून माइकवर वाचून दाखवाव्यात.